नागपुरात पाळणाघरांच्या जागा वाढणार म्हणे, पण सकाळी साडेसहाला दार कोण उघडणार?

जयताळ्याची_आई (सोमवार, रात्री १०:४०)

माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये. सासूबाई यवतमाळला असतात, आई गोंदियाला भावाच्या लेकरांपाशी. मागच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला मुलगी कडेवर आणि डब्याची पिशवी खांद्यावर घेऊन मी पाळणाघराच्या बंद दारासमोर उभी होते. पाळणाघरवाल्या ताईंना ताप होता. त्यांचा रात्रीचा मेसेज मी वाचलाच नव्हता. मुलीनं सवयीनं कडी वाजवायला हात पुढे केला, दोनदा वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. कामावर फोन केला तर साहेब म्हणाले, "मॅडम, एकदाचं काय ते ठरवा." दिवसाचा पगार गेला, तो कसाही भरून काढता येतो. ते वाक्य मात्र अजून कानात आहे.

तेव्हापासून सरकारी पाळणाघरांबद्दल जे सापडलं ते वाचत बसले आहे. केंद्राची 'पाळणा' योजना मिशन शक्तीखाली एप्रिल २०२२ पासून आहे. खर्चाचे ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. देशात १७ हजार अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलेलं आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका ठिकाणी जास्तीत जास्त २५. झोपायची सोय, खाऊ, वजन-उंची, लसीकरण, सगळं तिथंच. २०२५ मध्ये आपल्या राज्यानं पहिल्या टप्प्यात ३४५ पाळणाघरांना मंजुरी दिली. वाचून मला खूप आनंद झाला, खरंच झाला. मग गुणाकार केला. ३४५ गुणिले २५ म्हणजे ८,६२५ मुलं. अख्ख्या महाराष्ट्रात.

आकडा उद्या दुप्पट होईल, दहापट होईल, त्यासाठी थांबायची माझी तयारी आहे. मला खुपते ती दुसरी गोष्ट. पाळणाघर महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालणार. माझी ड्युटी सात ते साडेतीन, जायला-यायला मिळून तास-सव्वा तास. म्हणजे मला जवळपास दहा तास मूल कुणाच्या तरी हवाली करायचं असतं. साडेसात तासांची जागा माझ्या मुलीला मिळाली तरी उरलेले अडीच तास ती कुठं असेल?

कंपनीकडे मागावं तर कायदा आडवा येतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत ते आलं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं असंही त्यात होतं. आमच्याकडे हजेरीपटावर चाळीसच्या आसपास माणसं. लाइनीतल्या बऱ्याच शेडमध्ये हीच स्थिती आहे.

इथं कुणाला अंगणवाडीला जोडलेल्या पाळण्याचा अनुभव असेल तर लिहा. जयताळा, लोकमान्य नगर, इसासनी ह्या पट्ट्यातल्या आया मिळून अर्ज करावा असं मनात आहे.

आजोबा_नंदनवन (सोमवार, रात्री ११:१५)

बेटा, वाचून जीव कळवळला. माझं वय ७१. महालात आमचा वाडा होता, आठ बिऱ्हाडं. कोणाचं पोट्टं कोणाच्या घरी जेवलं, पत्ता लागत नव्हता. आता ते राहिलं नाही, हे मला मान्य आहे.

पण सरकारनं इमारती बांधाव्या, माणसं नेमावी, तपासणी करावी, ह्यात पैसा मुरते. लाडक्या बहिणीचे १५०० कसे थेट खात्यात येतात, तसेच पाळणाघराचे पैसे आईच्या खात्यात टाका. तिला जे पाळणाघर पटेल तिथं ती देईल. मी चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, फाइल कशी फिरते ते पाहिलं आहे, म्हणून बोलतो.

मानेवाडा_काकू (मंगळवार, दुपारी २:०५)

आजोबा, मी पंधरा वर्षं घरी पाळणाघर चालवून राहिली आहे, म्हणून तुमच्याशी थोडं वाद घालते, राग मानू नका.

आत्ता माझ्या हॉलमध्ये अकरा लेकरं झोपली आहेत. वरणभात झाला की दीडला सतरंज्या टाकते. कूलर एकच आहे, तो खिडकीत, आणि मे महिन्यात पारा ४५ वर गेला की त्याच्यासमोर कोण झोपणार ह्याची पाळी लावावी लागते. प्रत्येकाच्या दुधाच्या बाटलीला वेगळ्या रंगाचं रबर आहे. एक पोरगी आईच्या ओढणीशिवाय झोपत नाही. ती ओढणी मी फक्त शनिवारी आईकडं धुवायला देते, मधात धुतली तं वास जाते अन् पोरगी दोन दिवस रडते. हे सगळं मी अन् एक बाई करतो. साल-दीड सालाच्या आतली दोनच घेते, त्यांना सतत हातावर लागते.

मी महिन्याला चार हजार घेते, संध्याकाळी सहापर्यंत. त्यात बाईचा पगार, दूध, वीज, गॅस. उरते ते मी सांगत नाही, पण दुसरी बाई ठेवण्याइतकं उरत नाही. आता तुम्ही म्हणता तसे आईच्या खात्यात पैसे टाकले, तरी माझ्या हॉलमध्ये बारावं लेकरू मावत नाही ना! दोन महिन्यांत नऊ आयांना मी दारातून परत पाठवलं. त्यांच्यापाशी पैसे होते. माझ्यापाशी जागा नव्हती अन् हात नव्हते. हात वाढले पाहिजेत, अन् हाताला नीट पगार पाहिजे.

सरकारी पाळणाघर आलं तं माझा धंदा बसेल का, अशी भीती मलाही वाटते. पण परत पाठवलेल्या त्या नऊ जणींचं तोंड आठवलं की वाटते, येऊ द्या.

निवृत्त_पर्यवेक्षिका (मंगळवार, रात्री ९:३०)

एकात्मिक बालविकासमध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली, आधी मेळघाटात, मग नागपूरच्या नागरी प्रकल्पात. जरा लांब लिहिते.

सरकारी पाळणाघरं आपल्याकडे नवीन नाहीत. २००६ साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. संस्था पाळणाघरं चालवत आणि अनुदान केंद्राकडून येई. एके काळी देशभरात अशी वीस हजारांहून जास्त पाळणाघरं होती. २०१७ पासून खर्चाची वाटणी बदलली. केंद्र ६०, राज्य ३० आणि चालवणाऱ्या संस्थेनं १० टक्के स्वतः घालायचे. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. वस्तीत एका खोलीत पाळणाघर चालवणाऱ्या छोट्या संस्थेनं ते आणायचे कुठून? त्यात उरलेले हप्ते उशिरा येत. २०२० येईपर्यंत देशात साडेसहा हजारांच्या आसपास उरली, आणि करोनानं तीही बंद पाडली. ज्या आया तेव्हा घरी बसल्या त्यातल्या किती परत कामावर गेल्या, हे मी माझ्या बीटमध्ये डोळ्यांनी पाहिलं. फार थोड्या.

'पाळणा'मध्ये संस्थेचे ते दहा टक्के गेले, ही मोठी सुधारणा आहे. अंगणवाडीची जागा, वजनकाटा, आहार आधीच तिथं आहे, त्यामुळे नव्यानं उभं करण्यापेक्षा खर्च कमी येतो. कल्पना चांगली आहे आणि ती वाढावी असं मला मनापासून वाटतं.

आता दुखतं कुठं ते सांगते. पाळणा सेविकेला महिना ५,५०० आणि मदतनिसाला ३,०००. अंगणवाडी सेविकेला वरकड काम म्हणून १,५००, तिच्या मदतनिसाला ७५०. सेविकेची पात्रता बारावी. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला २११ रुपये, तासाला अठ्ठावीस. त्या अठ्ठावीस रुपयांत तिनं पंचवीस मुलांचं शू-शी, भरवणं, झोपवणं, पडलं-झडलं बघायचं, शिवाय नोंदी. काकूंनी वर लिहिलं आहे, अकरा मुलांना दोन मोठी माणसं लागतात. काकू अनुभवानं बोलतात.

डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप झाला तेव्हा आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरलेलं होतं. ५२ दिवस चालला तो संप. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी माझ्या हाताखाली काम केलेल्या बायका थंडीत रस्त्यावर बसलेल्या होत्या म्हणून थर्मासमध्ये चहा घेऊन जात होते. पुढच्या वर्षी मानधन १३ हजार आणि त्यावर प्रोत्साहन भत्ता, असं झालं. हे भांडूनच मिळालं. पाळणा सेविका आज तिथं आहे जिथं अंगणवाडी सेविका कित्येक वर्षांपूर्वी होती. तिलाही एवढी वर्षं थांबायला लावू नये.

मुळात अंगणवाडी ही कल्पना आपल्या ताराबाई मोडकांची, लग्नानंतर काही काळ त्या अमरावतीला होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढं अनुताई वाघ आणि त्या कोसबाडला गेल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं तर कुरणात न्यायची. जिथं मूल आहे तिथं, जेव्हा ते मोकळं आहे तेव्हा. आज आपण सेविकेला सांगतो, ठरल्या वेळेला उघड आणि ठरल्या वेळेला बंद कर, आईची शिफ्ट कोणतीही असो. ताराबाईंनी उलट विचार केला होता.

तासांबद्दल एक महत्त्वाचं. आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत साडेसात तासांबरोबर स्पष्ट लिहिलेलं होतं की वेळ त्या भागातल्या बहुतेक आयांच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठेवावी. ते वाक्य हाताशी ठेवा. अर्जात कामाला येईल.

साईटवरचा (बुधवार, सकाळी ७:१०)

मी बांधकामावर इंजिनीअर आहे. बेसा, मनीष नगर, वर्धा रोड, ह्या भागात बारा वर्षं झाली.

आमच्या साईटवर रेजा, म्हणजे मजूर बाया, बालाघाट, राजनांदगाव, गोंदियाकडून येतात. लेकरं सोबत असतातच, गावी ठेवणार कोणापाशी. दोन बल्ल्यांच्या मधात साडी बांधून झोका करतात, त्यात तान्हं. त्याच्यापेक्षा मोठं पोरगं झोका हलवत बसते, ते स्वतः चार-पाच वर्षांचं. वरून सिमेंटची धूळ, बाजूला मिक्सर. मागच्या उन्हाळ्यात असंच एक पोरगं क्युरिंगच्या टाक्याच्या काठावर वाकलेलं मी पाहिलं. धावत जाऊन उचललं. दोन सेकंद उशीर झाला असता तं काय झालं असतं, हे अजून रात्री डोळ्यासमोर येते.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं की पन्नासहून जास्त महिला कामावर असतील तं मालकानं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली अन् सांभाळणारी बाई द्यायची. पण काम पेटी ठेकेदारांत वाटलेलं असते. एकाकडं आठ रेजा, दुसऱ्याकडं बारा. पन्नास कधी होतच नाहीत. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मात्र कामगार कल्याणासाठी जमा होते. तो पैसा आहे. त्यातून मोठ्या साईटच्या शेजारी पाळणा काढा, किंवा दोन-तीन साईट मिळून एक. आमच्या ठेकेदाराशी बोलून मी एक पत्र्याची खोली मागितली, ती मिळाली. खोली आहे, सांभाळायला बाई नाही, कारण तिचा पगार कोणाच्या हिशोबात टाकायचा ते ठरत नाही.

आजोबा_नंदनवन (बुधवार, सकाळी ९:४५)

काकूंचा मुद्दा पटला. खात्यात पैसे टाकून जागा तयार होत नाही, हे मी धरलं नव्हतं. पण जागा सरकारनंच चालवाव्या ह्याला माझा अजून होकार नाही. काकूंसारख्यांना सरकारनं दुसऱ्या बाईचा पगार द्यावा, कूलर द्यावा, वर्षातून दोनदा तपासणी करावी. इमारत आहे, विश्वास आहे, आया ओळखतात. नवीन उभं करायची गरज काय?

मानेवाडा_काकू (बुधवार, दुपारी १:५०)

आजोबा, असं झालं तं मी उद्याच चार लेकरं वाढवते. कागद काय लागतील ते कोणी सांगा फक्त.

टोरांटोत_नागपूरकर (बुधवार, रात्री १०:२०)

माझं बालपण धंतोलीतलं, आता सात वर्षं इथं. इथला अनुभव सांगतो, कारण सरकारनं खूप पैसा ओतल्यावर काय होतं ते इथं बघायला मिळतं.

२०२१ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं पाच वर्षांसाठी साधारण ३० अब्ज डॉलर काढले. उद्दिष्ट असं, की पालकांना दिवसाला सरासरी १० डॉलरच पडावेत. आमच्या ऑन्टारिओत जानेवारी २०२५ पासून योजनेतल्या केंद्रांची फी दिवसाला २२ डॉलरच्या वर जात नाही. माझ्या मोठ्या मुलासाठी आम्ही जे भरत होतो त्याच्या निम्म्याहून कमी आता धाकटीला पडतं. ह्यासाठी मी मनापासून आभारी आहे.

पण धाकटीचं नाव बायकोच्या चौथ्या महिन्यात यादीत घातलं होतं. नंबर लागला तेव्हा ती चालायला लागली होती. फी उतरली तशी मागणी वाढली, आणि शिकलेल्या शिक्षिका तेवढ्या नव्हत्या. आमच्या केंद्रात एक वर्ग महिनोन् महिने बंद होता. खोली तयार, खेळणी तयार, शिकवणारी नाही. पगार परवडत नाही म्हणून चांगल्या बाया दुसरीकडे जात होत्या. पर्यवेक्षिका ताईंनी जे तासाला अठ्ठावीस रुपये लिहिलं, ते वाचताना मला आमचा तो बंद वर्ग आठवला. क्यूबेक प्रांतानं हेच १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरनं सुरू केलं होतं. तिथंही यादीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. आपण पुढचे आहोत असा आव नाही माझा. चूक आधीच दिसते आहे तर टाळता येईल, एवढंच.

सिस्टर_रात्रपाळी (गुरुवार, सकाळी ८:५०)

नाइट करून आत्ताच आले. एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. ह्या शहरात मेडिकल, मेयो, एम्स आणि रामदासपेठेतली एवढी हॉस्पिटलं, रात्री शेकडो बाया ड्युटीवर असतात. रात्रीच्या पाळणाघराबद्दल मी कुठंच वाचलं नाही. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. महिन्यातल्या आठ रात्री तो शेजारच्या आजींकडे झोपतो. त्यांना ऐकायला कमी येतं. मी दर दोन तासांनी फोन करते, त्या उचलत नाहीत, मग वॉर्डात माझं लक्ष लागत नाही. पेशंटलाही ह्याची झळ बसते, हे कुणी धरतच नाही. अर्ज कराल तेव्हा रात्रीचं एक वाक्य तरी घाला.

जयताळ्याची_आई (रविवार, रात्री ९:००)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. आज सुट्टी होती म्हणून मुलीला कडेवर घेऊन आमच्या दोन गल्ल्या फिरले, वहीत लिहीत गेले. सहा वर्षांखालची मुलं असलेल्या आणि कामावर जाणाऱ्या २३ आया सापडल्या. चौदा जणी सकाळी सातच्या आत घर सोडतात. नऊ जणी धुणीभांडी-स्वयंपाकाला जातात, चार एमआयडीसीत पॅकिंगला, दोघी मिहानकडे हाउसकीपिंगला, बाकीच्या दुकानात आणि दवाखान्यात.

एका घरी जरा जास्त थांबले. आईची चार घरची कामं. लहान मुलगा सकाळी अंगणवाडीत जातो, तिथली वेळ संपली की त्याला घ्यायला मोठी मुलगी जाते. ती सहावीत आहे. त्यासाठी ती रोज मधल्या सुट्टीत शाळेतून निघते आणि परत जात नाही. मी विचारलं, मग दुपारचे तास? ती म्हणाली, "गणित दुपारी असते." आई बाजूला पोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही. वहीत मी २३ आया लिहिल्या होत्या, त्याच्याखाली 'मोठ्या बहिणी' असा नवा रकाना केला. परत मागं जाऊन विचारलं तर अशा सहा मुली निघाल्या.

आजोबा, तुमचं म्हणणंही अर्जात घालते आहे. अंगणवाडीला पाळणा जोडावा आणि जिथं चांगलं घरगुती पाळणाघर आहे तिथं दुसऱ्या बाईचा पगार द्यावा. मला दोन्ही चालतील. साईटच्या खोलीसाठी उपकरातून मानधन आणि सिस्टरची रात्रपाळी, दोन्ही लिहिलं आहे. मुख्य मागणी मात्र वेळेची ठेवली आहे: सकाळी साडेसहा ते संध्याकाळी पाच, दोन पाळ्यांत दोन सेविका, दोघींनाही पूर्ण मानधन. पर्यवेक्षिका ताई, एवढं मागितलं तर हसतील का?

निवृत्त_पर्यवेक्षिका (रविवार, रात्री ९:४०)

हसणार नाहीत. वही आहे ना तुमच्यापाशी. नुसती मागणी आली की ती फाइलमध्ये जाते. २३ आयांच्या घर सोडायच्या नि परतायच्या वेळा, मुलांची वयं आणि त्या सहा मुलींच्या शाळेची नावं असलेला तक्ता आला की अधिकाऱ्याला वर काहीतरी लिहावं लागतं. अर्ज नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करा, एक प्रत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका, शिक्का आणि तारीख बघा. तुमच्या अंगणवाडीच्या सेविकेला आधी भेटा. तिला बाहेरून कळलं तर वाईट वाटेल, आणि तिची सही असली तर वजन वाढतं. तिच्या खोलीत अजून पंचवीस मुलं मावतील का, पंखा चालतो का, संडासला पाणी आहे का, हे तिच्याकडूनच लिहून घ्या.

मी गुरुवारी मोकळी आहे, तुमच्यासोबत येते. त्या कार्यालयाच्या पायऱ्या मला ओळखीच्या आहेत.

मानेवाडा_काकू (रविवार, रात्री १०:०५)

मी पण येते. दुपारी लेकरं झोपली की माझी सून बघेल तासभर. माझं पंधरा वर्षांचं रजिस्टर आणू का? कोणतं लेकरू किती वाजता आलं अन् किती वाजता गेलं, सगळं लिहिलेलं आहे त्यात.

जयताळ्याची_आई (रविवार, रात्री १०:१२)

काकू, नक्की आणा. गुरुवारी माझी ड्युटी साडेतीनला सुटते, चारला पोचते. मुलगी सोबतच असेल.